शाळेच्या बोधचिन्हातला डोळा नेमका कोणाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलीच्या शाळेने नवं बोधचिन्ह काढलंय: त्रिकोण, त्रिकोणात डोळा, भोवती किरणं आणि खाली उघडलेलं पुस्तक. ते पाहून तुमच्या मेहुण्यांनी एक व्हिडिओ पाठवला. व्हिडिओत म्हटलंय की हे एका गुप्त संघटनेचं चिन्ह आहे. शिवाय पोपच्या खुर्चीवर उलटा क्रॉस आहे, चर्चमधल्या मोझेसच्या पुतळ्याला शिंगं आहेत, एका पेयाच्या डब्यावर ६६६ हा सैतानाचा म्हणून ओळखला जाणारा आकडा लिहिलाय, आणि हे सगळे एकाच माळेचे मणी आहेत. तुम्ही विचारताय, यात खरं किती, आणि शाळेला चिन्ह बदलायला सांगावं का?

मी सत्तावीस वर्षं संस्थांची बोधचिन्हं आखून देतोय. जुन्या धर्मचित्रांचा नाद त्यातूनच लागला. कुठल्याही आकाराचं मूळ शोधायला निघालं की वाट बहुतेक वेळा एखाद्या देवळातून नाहीतर चर्चमधून जाते.

आधी तुमचा प्रश्न थोडा सरळ करून घेतो. 'या आकाराचा खरा अर्थ काय?' या प्रश्नाला उत्तर नाही. आकार बिचारा मुका असतो. विचारायचं ते असं: हा आकार इथे कोणी आणला, केव्हा आणि कोणासाठी? आणि त्याला तो काळा, गूढ अर्थ चिकटला तो त्याच्या आधी की नंतर? शेवटचा तुकडा लक्षात ठेवा. असल्या व्हिडिओंमध्ये सगळे अर्थ एकाच टेबलावर एकाच वेळी मांडलेले असतात, तारखा कुठेच नसतात. तारखा घातल्या की निम्मं भूत तिथेच उतरतं.

तुमच्या डोळ्यापासूनच बघू. त्रिकोणातला डोळा म्हणजे इल्युमिनाटी, असं आता शाळकरी मुलंही सांगतात. बव्हेरियात अ‍ॅडम वाइसहाउप्टने १ मे १७७६ रोजी ही संघटना काढली आणि दहा वर्षांच्या आत सरकारी बंदीने ती मोडली. त्यांच्या एका श्रेणीचं चिन्ह होतं घुबड, मिनर्व्हा देवीचं. डोळा नव्हे. मग डोळा अमेरिकेच्या डॉलरवर कसा आला? त्यांच्या राजमुद्रेसाठी ४ जुलै १७७६ ला पहिली समिती नेमली गेली, तेव्हा समितीच्या मदतीला घेतलेल्या द्यु सिमितिएर नावाच्या चित्रकाराने तो सुचवला. तो फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघाचा सदस्य नव्हता. मुद्रा मंजूर झाली १७८२ मध्ये, आणि एक डॉलरच्या नोटेवर ती आली थेट १९३५ मध्ये. फ्रीमेसन मंडळींच्या छापील पुस्तकात हा डोळा ठळकपणे येतो तो १७९७ ला, म्हणजे मुद्रेनंतर पंधरा वर्षांनी. मुद्रेत डोळ्याखाली एक पिरॅमिड आहे; त्याच्या पायथ्याशी रोमन आकड्यांत कोरलेलं १७७६ हे साल स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं. वाइसहाउप्टचंही साल तेच निघालं हा योगायोग व्हिडिओवाल्यांच्या फारच कामी आला.

या सगळ्याच्या आधीपासून हा डोळा चर्चमध्ये होता, आणि अगदी राजरोस. त्रिकोण म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, डोळा म्हणजे सगळं पाहणारा देव. सतराव्या-अठराव्या शतकातल्या चर्चच्या वेदीवर हा डोळा किरणांसकट सोन्याच्या मुलाम्यात चमकताना दिसतो. फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात पोन्तोर्मोचं १५२५ चं एक चित्र आहे. पुनरुत्थानानंतर येशू एम्माउस गावी दोन शिष्यांबरोबर जेवायला बसलाय, आणि त्याच्या डोक्यावर त्रिकोणात तो डोळा. मी हे चित्र पहिल्यांदा पाहिलं ते पुस्तकातल्या छपाईत, आणि मला तो डोळा चित्रात उपरा वाटला. खालचे चेहरे मऊ, सावलीत विरघळणारे. डोळा मात्र कडक, चिकटवल्यासारखा. पुढे वाचलं तेव्हा कारण कळलं. तो डोळा पोन्तोर्मोचा नाहीच. मूळ चित्रात तिथे तीन तोंडांचं एक मस्तक होतं, त्रैक्याचं प्रतीक म्हणून. आपल्याला त्रिमुखी दत्त लगेच आठवेल. पुढे धर्मसुधारणेच्या धामधुमीत चर्चला तीन तोंडांचा देव विद्रूप वाटू लागला, असली चित्रं नकोत असं ठरलं, आणि कोणीतरी त्यावर त्रिकोण आणि डोळा रंगवून ते झाकून टाकलं.

म्हणजे या चित्रात खरोखर काहीतरी लपलेलं आहे. पण ते डोळ्याच्या खाली लपलंय, डोळ्यात नाही. डोळा हा त्या काळचा सभ्य, निरुपद्रवी पर्याय होता.

उलट्या क्रॉसची गोष्ट तर आणखी सोपी. मार्च २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे इस्रायलमध्ये कोराझिम इथे प्रार्थनेला आले, त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर उलटा क्रॉस कोरलेला होता, आणि तो फोटो अजून फिरतोय. फोटो खरा आहे. पण पोप स्वतःला संत पीटरचा वारस मानतो, आणि पीटरला उलटं टांगून क्रूसावर मारलं ही कथा ख्रिस्ती परंपरेत दुसऱ्या शतकापासून आहे. आपण येशूसारखं मरायच्या लायकीचे नाही म्हणून पीटरनेच तसं मागून घेतलं, असं मानतात. त्यामुळे उलटा क्रॉस ही पीटरची खूण झाली. तो सैतानाचा झाला तो गेल्या शतकात, भयपट आणि हेवी मेटलच्या पोस्टरांवरून. आधी की नंतर? नंतर.

मोझेसच्या शिंगांचं प्रकरण वेगळं, कारण तिथे शिंगं खरोखरच शिंगं आहेत. रोममधल्या सान पिएत्रो इन विंकोली चर्चमध्ये मायकेलअँजेलोने साधारण १५१३ ते १५१५ मध्ये घडवलेला संगमरवरी मोझेस बसलाय, आणि त्याच्या केसांतून दोन बुटकी शिंगं वर आलीत. देवाशी बोलून पर्वतावरून उतरताना मोझेसचा चेहरा झळकत होता, असं हिब्रू मजकुरात आहे. त्यातलं क्रियापद ज्या धातूपासून आलंय त्याच धातूपासून शिंगाचा शब्दही येतो. संत जेरोमने लॅटिन भाषांतरात शिंगवाला अर्थ घेतला. हा सरळ 'ध'चा 'मा' की शिंग हे सामर्थ्याचं लक्षण म्हणून जाणूनबुजून निवडलेला शब्द, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण अकराव्या शतकापासून युरोपातले चित्रकार मोझेसला शिंगं काढत आले आणि मायकेलअँजेलोने तोच कित्ता गिरवला. त्यात लपवाछपवी कसली? चर्चमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ती दिसत होती आणि हा पुतळा मोझेसचा हे ओळखायला उपयोगी पडत होती.

पेयाच्या डब्यावरचं ६६६ मी एका परिच्छेदात आटोपतो. नखांनी ओरबाडल्यासारख्या तीन रेघा म्हणजे हिब्रूतलं 'वाव' अक्षर तीनदा, वावची किंमत सहा, म्हणून ६६६, असा तो हिशेब. २०१४ मध्ये याचा एक व्हिडिओ खूप फिरला होता. गोम अशी की हिब्रूत अक्षरांच्या किमतींची बेरीज होते, आपल्या अंकांसारखी स्थानानुसार किंमत बदलत नाही. तीन वाव म्हणजे सहा अधिक सहा अधिक सहा, अठरा. ६६६ लिहायला ४००, २००, ६० आणि ६ अशी चार वेगळी अक्षरं लागतात. शिवाय बायबलच्या ज्या अध्यायात हा आकडा येतो त्याच्या एका अतिशय जुन्या पपायरसवर ६६६ नाही, ६१६ आहे. बरेच अभ्यासक दोन्ही आकडे सम्राट नीरोच्या नावाकडे नेतात: नाव हिब्रूत एका पद्धतीने लिहिलं तर ६६६, शेवटचा 'न' गाळला तर ६१६. म्हणजे मूळ सांकेतिक आकडासुद्धा एका राजकारणी माणसाबद्दलचा असावा.

आता माझ्यावर बेतलेला प्रसंग सांगतो, म्हणजे हे सगळं मी लांबून बघून बोलत नाही हे कळेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका आरोग्यसंस्थेसाठी मी पाच पाकळ्यांचं फूल केलं होतं. पाकळ्या टोकदार, मध्ये मोकळी जागा, त्या मोकळ्या जागेत माणसाची आकृती भासावी असा बेत. सादरीकरणाच्या दिवशी सगळे खूश. एका विश्वस्तांनी मात्र हातातलं कार्ड उलटं केलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "आता बघा." पाकळ्यांची दोन टोकं वर आणि एक खाली. "ही सैतानाची चांदणी." खोलीत शांतता. मी म्हणालो, कार्ड कोणी उलटं धरून वाचत नाही. ते म्हणाले, "पण धरलं तर?" याला काय उत्तर देणार! मी घरी जाऊन सहावी पाकळी घातली. पुढच्या बैठकीत दुसऱ्या एका विश्वस्तांना त्यात षट्कोण दिसला आणि हे एका विशिष्ट धर्माचं चिन्ह होतंय अशी हरकत आली. चार पाकळ्या केल्या असत्या तर क्रॉस झाला असता, म्हणून मी त्या वाटेला गेलोच नाही. शेवटी संस्थेचं नाव नुसत्या अक्षरांत लिहून दिलं. त्यांचे पैसे वाचले, माझा महिना गेला.

पण त्या रात्री मी पंचकोनी चांदणीचं कूळ काढायला बसलो आणि ते अजूनही विसरलेलो नाही. पायथागोरसच्या अनुयायांची ती ओळखीची खूण होती. मध्ययुगीन युरोपात ती येशूच्या पाच जखमांशी जोडली गेली. फ्रान्समधल्या आमियाँच्या कॅथीड्रलमध्ये उत्तरेकडच्या मोठ्या गोल खिडकीत दगडी जाळीची चांदणी आहे आणि ती उलटी आहे, दोन टोकं वर. सहाशेहून जास्त वर्षं लोक तिच्याखाली गुडघे टेकतायत. मोरोक्कोच्या झेंड्यावर १९१५ पासून तीच चांदणी, पण सुलटी, हिरव्या रंगात आहे. मग उलटी म्हणजे सैतानी हे ठरवलं कोणी? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढविद्यावाल्याने. एक टोक वर असेल तर ती तारणहाराची, दोन टोकं वर असतील तर बोकडाची, असा नियम त्याने आपल्या पुस्तकात घालून दिला. बोकडाच्या डोक्याचं ते बसलेलं प्रसिद्ध 'बाफोमेट' चित्रही त्याचंच. पुढे १९६६ मध्ये अमेरिकेत निघालेल्या चर्च ऑफ सेटनने बोकड आणि उलटी चांदणी एकत्र असलेली आकृती हे आपलं अधिकृत चिन्ह केलं. म्हणजे आमियाँच्या गवंड्याने चौदाव्या शतकात जो नियम मोडला तो तयार झाला एकोणिसाव्या शतकात! माझ्या विश्वस्तांना हे त्या दिवशी सांगता आलं असतं तर फरक पडला असता का? प्रामाणिकपणे सांगतो, बहुधा नाही. त्याकडे पुढे येतो.

सहा टोकांचंही असंच. तंत्रमार्गात वर टोक असलेला त्रिकोण शिव, खाली टोक असलेला शक्ती, दोघांचा मिलाफ म्हणजे षट्कोण. अनाहत चक्राच्या मधोमध तो असतो. १००८ सालच्या हिब्रू बायबलच्या लेनिनग्राड हस्तलिखितात एक अख्खं पान त्या आकाराने सजवलेलं आहे. दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्यावर संगमरवरी सहाकोनी चांदण्या जडवलेल्या आहेत. तिघांनी एकमेकांना पत्र लिहून ठरवलं नव्हतं. कंपास घ्या, वर्तुळ काढा, तीच त्रिज्या परिघावर फिरवा: बरोबर सहा वेळा बसते. बिंदू एक सोडून एक जोडले की षट्कोणी तारा तयार. ज्याच्या हाती दोरी आणि खुंटी आली त्या प्रत्येक कारागिराला हा आकार फुकट मिळालाय.

हाच धागा आजच्या बोधचिन्हांपर्यंत येतो आणि इथे माझ्या धंद्याचं आतलं सांगतो. चिन्ह रबरी शिक्क्यावर उमटलं पाहिजे, फाटकावरच्या पाटीवर लांबून दिसलं पाहिजे आणि ब्राउझरच्या टॅबवर सोळा बाय सोळा पिक्सेलच्या चौकटीत ओळखू आलं पाहिजे. एवढ्याशा जागेत काय मावतं? वर्तुळ, त्रिकोण, चौकोन, चांदणी, चंद्रकोर, डोळा, ज्योत, पान, पक्षी, हात. आणखी थोडं. जगभरच्या लाखो संस्था या मूठभर आकारांत कोंबल्या जातात. मग शाळा काय सांगते? मी आजवर शाळा-महाविद्यालयांची तीसेक कामं केली असतील, जवळपास प्रत्येक बैठकीत तेच तीन शब्द: ज्ञान, दृष्टी, प्रकाश. ज्ञानाला पुस्तक, दृष्टीला डोळा, प्रकाशाला किरणं. वर संस्थापकांपैकी कोणीतरी म्हणतं, "शिखरासारखं काहीतरी हवं, प्रगती दिसली पाहिजे." झाला त्रिकोण. तुमच्या शाळेचं चिन्ह आखणाऱ्याने गुप्त संघटनेचं नावही ऐकलं नसेल. पण मला त्याच्या बैठकीतली चहाची कपबशीसुद्धा दिसतेय.

एका मोठ्या कंपनीवर ही वेळ कशी आली ते जरा सविस्तर सांगण्याजोगं आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बल. १८५१ च्या सुमाराला त्यांच्या मेणबत्त्यांची खोकी ओहायो नदीतून बोटीने जात. धक्क्यावरच्या ज्या हमालांना वाचता येत नव्हतं ते 'स्टार' मेणबत्त्यांच्या खोक्यांवर ओळखीसाठी फुली मारत. फुलीची चांदणी झाली, चांदणीच्या तेरा झाल्या, अमेरिकेच्या पहिल्या तेरा वसाहतींच्या मानाने. त्या काळी फॅशनमध्ये असलेला चंद्रातला म्हातारा शेजारी आला. कंपनीने मध्ये तो काढून टाकला, तर न्यू ऑर्लिन्सच्या एका व्यापाऱ्याने माल नकली समजून परत पाठवला! म्हातारा मुकाट्याने परत आला आणि १८८२ मध्ये चिन्हाची रीतसर नोंदणी झाली.

जवळपास शंभर वर्षं कोणाला काही दिसलं नाही. मग १९८० च्या आसपास बातमी उठली की कंपनीच्या मालकाने टीव्हीवर सैतानाशी करार केल्याची कबुली दिली. असा कार्यक्रम कधी झालाच नव्हता. पण लोक आरसा घेऊन म्हाताऱ्याच्या दाढीतल्या वळ्यांत ६६६ वाचू लागले, चांदण्या रेघांनी जोडून आकडे काढू लागले. १९८२ मध्ये कंपनीकडे महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास चौकश्या येत होत्या. १९८५ मध्ये कंपनीने वस्तूंच्या वेष्टनांवरून ते चिन्ह काढलं. १९९१ मध्ये दाढीच्या वळ्याच सरळ केल्या. आणि २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका ज्युरीने ही अफवा पसरवल्याबद्दल अ‍ॅमवेच्या चार माजी वितरकांना १ कोटी ९२ लाख ५० हजार डॉलर भरायला सांगितले. प्रतिस्पर्धी मालाचे विक्रेते! अफवेमागे कधीकधी निव्वळ धंदाही असतो.

दाढीतला आकडा वाचायला काय काय करावं लागलं पाहा. चिन्ह मोठं करायचं, दाढीपुरतंच बघायचं, आरशात धरायचं, वळ्यांना सहा म्हणायचं. याला मी कसरती मोजणं म्हणतो आणि ही माझी पहिली चाचणी आहे. उलटं करणं एक कसरत, आरसा दुसरी, परक्या लिपीतलं अक्षर तिसरी, ठिपके हव्या त्या क्रमाने जोडणं चौथी. एका कसरतीत अर्थ निघत असेल तर मी थांबून विचार करतो. तीन लागत असतील तर तेवढ्याच कसरतींत मी तुमच्या लाइट बिलावरही तोच आकडा काढून दाखवेन.

मग खरंच लपवलेलं काही नसतंच का? असतं की. हान्स होल्बाइनच्या १५३३ च्या 'राजदूत' चित्रात दोन श्रीमंत माणसांच्या पायाशी एक तिरकस, ओढलेला पांढरट डाग आहे. भिंतीलगत जाऊन उजवीकडून तिरकं पाहिलं की तो डाग मावळतो आणि कवटी उभी राहते. वर डाव्या कोपऱ्यात हिरव्या पडद्याआड येशूचा अर्धा क्रूस झाकलेला आहे, आणि टेबलावरच्या वाद्याची एक तार तुटलेली. मुद्दाम लपवलेलं, आणि गंभीर. पण आशय शुद्ध धार्मिक: मरण विसरू नका. लोगोंमध्ये फेडेक्सचं उदाहरण घ्या, १९९४ चं. 'ई' आणि 'एक्स'च्या मधल्या रिकाम्या जागेत बाण आहे. आखणाऱ्याने तो लपवला आणि नंतर जन्मभर मुलाखतींत दाखवला. आमच्या धंद्यात लपवलेली गोष्ट ही सापडावी म्हणूनच लपवलेली असते. कोणालाच कधी सापडू नये असं काही दडवण्यासाठी क्लायंट पैसे देत नाही.

आणि ज्यांना खरोखर गूढविद्येत रस असतो ते काय करतात? लेटरहेडवर छापतात. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीची मुद्रा बघा: स्वतःची शेपटी गिळणारा साप, एकमेकांत गुंतलेले दोन त्रिकोण, मध्ये इजिप्तचा 'आंख' म्हणजे वर कडी असलेला क्रॉस, वर स्वस्तिक, त्याच्याही वर ॐ. गूढ चिन्हांचं अख्खं दुकान! खाली ठळक बोधवाक्य, आणि विचारलं तर प्रत्येक चिन्हाचा अर्थ सांगणारी पुस्तिका. फ्रीमेसनांचा गुण्या आणि कंपासही त्यांच्या इमारतींच्या दारांवरच कोरलेला असतो. श्रीयंत्राचे नऊ त्रिकोण कोणी लपवले? पाच खाली तोंड केलेले, चार वर, त्यांच्या छेदांतून त्रेचाळीस लहान त्रिकोण. हे कुठल्याही पूजेच्या पुस्तकात मिळतं. गुप्त असते ती दीक्षा, साधना, मंत्र. आकृती तर भिंतीवर टांगलेली असते.

मधल्या पट्ट्यात काही गोष्टी येतात, तिथे मीही हात वर करतो. सिस्टिन चॅपेलच्या छतावर आदमाला जिवंत करणाऱ्या देवामागचा तो फुगलेला झगा मानवी मेंदूच्या छेदासारखा दिसतो, असं फ्रँक मेशबर्गर या डॉक्टरांनी १९९० मध्ये अमेरिकेच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. मायकेलअँजेलो प्रेतांचं विच्छेदन करत असे हे खरं, आणि साम्य एकही कसरत न करता दिसतं. पण त्याबद्दल त्याचा एक कागद नाही, समकालीनाचं एक वाक्य नाही. मला ते पटावंसं वाटतं, पण पुराव्याच्या रकान्यात मी काहीच लिहू शकत नाही. साम्य आणि हेतू यांच्यामध्ये कागद लागतो.

आता त्या विश्वस्तांकडे येतो, कारण त्यांचं म्हणणं अगदीच मोडीत काढता येत नाही. मूळ निर्दोष असलं तरी चिन्ह आज कसं वाचलं जातं यालाही वजन असतं. कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्गच्या जुन्या कारखान्याच्या दारात १९०१ पासून दगडी हत्ती उभे आहेत आणि त्यांच्या अंगावर स्वस्तिकं आहेत. कंपनीचं ते तेव्हाचं शुभचिन्ह. नाझी पक्षाने ते उचललं १९२० मध्ये, आणि पुढच्या दोन दशकांत कंपनीने आपलं चिन्ह म्हणून ते वापरणं सोडून दिलं. आधी कोण हे वादातीत आहे, तरीही माघार त्यांनीच घेतली आणि बरोबरच घेतली. आपल्या उंबऱ्यावरचं स्वस्तिक आणि जर्मनीतल्या भिंतीवर कोणी रातोरात फासलेलं चिन्ह यांना मी एकच अर्थ देणार नाही. तेव्हा उत्तर कशावर अवलंबून आहे? चिन्ह कुठे लावलंय, पाहणारे कोण, त्यांनी काय सोसलंय आणि संस्थेला ते माहीत आहे का, यावर. एखाद्या समूहाला त्यातून खरी जखम आठवत असेल तर बदलावं. फॉरवर्ड केलेल्या व्हिडिओमुळे कोणाच्या पोटात गोळा आला असेल तर आधी बोलून बघावं.

तुमच्यासाठी एवढंच करा. शाळेकडे चिन्हाबरोबर आलेलं टिपण मागा. जवळपास प्रत्येक कामात आम्ही पानभर लिहून देतो की कोणता आकार का घेतला. कार्यालयात ते फायलीत पडलेलं असतं. ते मिळालं नाही तर आखणाऱ्याचं नाव मागा आणि सुरुवातीची रेखाटनं बघायला मिळतात का विचारा. त्यात नाकारलेले दहा पर्याय असतात, आणि दहाही पर्यायांत पुस्तक, दिवा, सूर्य, रोपटं असंच काही असेल तर तुम्हाला उत्तर मिळालं. चिन्हाची नोंदणी केली असेल तर ट्रेडमार्कची नोंद कोणालाही पाहता येते, तारखेसकट. पत्र लिहिताना 'हे सैतानी आहे का' असं विचारू नका. त्याने समोरचा एकतर हसतो नाहीतर चिडतो. 'या तीन आकारांची निवड कशी झाली, पालकांना कळवाल का' असं विचारा. चांगली शाळा हे आनंदाने सांगेल, आणि मुलांच्या एका तासाचा विषयही तिला आयता मिळेल.

मेहुण्यांशी वाद घालायचा तर सगळ्यावर घालू नका. एकच चिन्ह निवडा आणि दोघं मिळून त्याच्या तारखा शोधा. मी तर आमियाँची खिडकी निवडेन. माणूस स्वतः शोधतो तेव्हा त्याला हरल्यासारखं वाटत नाही.

राहता राहिलं तुम्ही पाठवलेलं चित्र. ते मी मोठं करून पाहिलं. डोळा ठीक आहे, पापणीची रेघ छान वळवलीय, पुस्तकही जमलंय. पण किरणं चोवीस आहेत आणि केसाएवढी बारीक. दाखल्यावरच्या रबरी शिक्क्यात ती सगळी एकमेकांत मिसळून त्रिकोणाभोवती शाईचा गोळा होणार, आणि टॅबवरच्या छोट्या चौकटीत तर दिसणारच नाहीत. बारा करा, दुप्पट जाड करा, असं शाळेला माझ्या वतीने जरूर कळवा.